काजळो पाण्याक गेलो तेव्हा

सावरवाड्यावर कुणाची गाय आटली, कुणाचा माड भुंग्यानं खाल्ला, कुणाच्या सुनेचं पोट तिसऱ्या महिन्यात उतरलं, की चुलीपाशी बसलेली एखादी बाई राख सारता सारता म्हणायचीच, "कृष्णनाथाच्या चेडवान फाटी बघलेला ना, थंयसून सगळा बिनसला." गाय म्हातारी होती, माडाला वेळेवर मीठ घातलं नव्हतं, हे कुणी बोलायचं नाही. चेडू म्हणजे पोर, आणि ती पोर म्हणजे प्रभावती, कृष्णनाथ गावसाची एकुलती. तिनं हे बोलणं इतकी वर्षं ऐकलं होतं की अंगावरच्या तिळासारखं ते तिला आपलंच वाटू लागलं होतं. शिवाय बोलणारे खोटं बोलत नव्हते. तिनं फाटी, म्हणजे मागे वळून, बघितलं होतं हे खरंच होतं.

सावरवाडा गोव्यातल्या पाळी गावाच्या खालच्या अंगाला, नदीला लागून. वर डोंगरात खाणी, खाली नदीतून खनिज भरून जाणाऱ्या बार्जी, आणि मध्ये लाल धुळीत बसलेली घरं. पोर्तुगीज गेले, खाणींवर यंत्रं आली, तरी शिगम्याची घोडेमोडणी वाड्यानं सोडली नाही. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं घोड्याचं तोंड, त्याला बांबूचा सांगाडा, सांगाड्यावर रंगीत झालरी. गडी त्या सांगाड्याच्या मधोमध उभा राहतो, सांगाडा कमरेला आवळतो, हातात तलवार घेतो. ढोल घुमला की गड्याचा स्वार होतो आणि लाकडाला चार पाय फुटतात. कुठल्या घोड्यात कुठल्या घरानं उभं राहायचं हे ठरलेलं. गावसांच्या घराचा घोडा काजळो. दर शिगम्याला त्याच्या डोळ्यांत काजळ भरायचं, म्हणून काजळो. घडवताना लाकडाला गाठ लागली म्हणून त्याचा एक कान आखूड राहिला होता, आणि त्यामुळे तो सदा कुणाचं तरी कान देऊन ऐकतोय असं वाटायचं.

घोडा जुना झाला, लाकूड भुसभुशीत लागायला लागलं, की त्याला जाळायचं नाही, माळ्यावर टाकायचं नाही. शिगमा सरल्यावर त्याला पाण्याला द्यायचं. सगळा वाडा नदीवर यायचा. जल्मी, म्हणजे मांडावरच्या, शिगमा खेळायच्या जागेवरच्या, देवकार्याचा मुख्य माणूस, गाऱ्हाणं घालायचा. मग सगळ्यांनी नदीकडे पाठ करायची आणि वर सावरीच्या झाडापर्यंत चालत जायचं. घोड्यात उभा राहणारा गडी तेवढा मागे राहायचा. घोडा पाण्याला कसा द्यायचा ते बापानं मुलाला सांगून ठेवायचं. बाकीच्यांनी बघायचं नाही. घोड्याच्या डोळ्याला कुणाचा डोळा लागला तर तो ना पाण्याचा होत ना गावाचा, मधल्यामध्ये फिरत राहतो आणि माणसं पाडतो. गडी वर झाडाखाली आला की जल्मी विचारायचा, "घोडो गेलो?" गडी म्हणायचा, "गेलो." एवढं झालं की घरी जायचं.

काजळ्याला पाण्याला द्यायचं ठरलं तेव्हा प्रभा नऊ वर्षांची होती. घोड्याला काजळ भरायचं काम घरातल्या लहान मुलीचं. एरंडेलात खललेलं काजळ तिनं बोटानं त्याच्या डोळ्यांत भरलं, पण भरताना रडत होती, बोट हललं आणि डाव्या डोळ्यातून एक ओघळ गालापर्यंत उतरला. पुसायला गेली तर आणखी फासला.

"ऱ्हवांदी तसाच," बाबा म्हणाले. "घोडो पण रडता, असा म्हणतले लोक."

नदीवर तिनं सगळ्यांबरोबर पाठ फिरवली. आईचं बोट धरून चालली. वळणावरच्या कुंभ्याच्या झाडापाशी मात्र तिच्याच्यानं राहवलं नाही. मान वळली. बाबा गुडघाभर पाण्यात उभे होते, काजळो काखेत. आणि ते पाण्याकडे नाही, तिच्याकडेच बघत होते.

घरी आल्यावर बाबा त्याबद्दल काही बोलले नाहीत. तीही बोलली नाही.

पावसाळ्याआधीच कृष्णनाथाला खाणीवर पाण्याच्या पंपावर कायमची नोकरी लागली. त्याआधी तो करवत घेऊन लोकांची लाकडं कापत हिंडायचा. वाडा म्हणाला, काजळ्यानं दिली. प्रभाची आई रुक्मिणी हिलाही तसंच वाटलं. काजळो ज्या खुंटीवर टांगलेला असायचा तिथं तिनं एक पितळेचा लामणदिवा टांगला आणि दर सोमवारी लावायला लागली.

पुढच्या शिगम्याला नवा घोडा आला. कृष्णनाथाला कामावर जायचं होतं म्हणून त्यात त्याचा चुलतभाऊ सगुण उभा राहिला. ऐन रंगात, भर मांडावर, सगुण असा काही पडला की मांडीचं हाड मोडलं. पाय आखूड झाला तो झालाच. विठ्ठल जल्म्यानं मांडावर माणसं बसवली आणि विचारलं, काजळो पाण्याक दिलो तेव्हा कोणी फाटी बघला काय. कुणी बोलेना. मग कृष्णनाथ उठला, खांद्यावरचा टुवाल सारखा केला आणि म्हणाला, "माझ्या चेडवान बघला."

वाड्यावर अजून ते सांगतात. दुसरा कुणी असता तर पोर पदराखाली झाकली असती, कृष्णनाथ उठून उभा राहिला. तेव्हापासून मांडावरचा पहिला विडा त्याच्या हातावर पडायला लागला. आणि प्रभेच्या वाट्याला आलं ते मागच्या खोलीचं जनेल, म्हणजे खिडकी. शिगम्याचे दिवस ते जनेल लावून घ्यायचं, आणि ढोल थांबेपर्यंत तिनं आत बसायचं. पुढे वयात आल्यावर दोन ठिकाणची माणसं तिला बघायला आली ती विहिरीवरच्या बायांचं ऐकून तिथूनच परतली.

आत बसून ती कोळशानं भिंतीवर घोडा काढायची. आखूड कानाचा. बाबा ते बघायचे. शाळा सुटली तेव्हा त्यांनीच पणजीला चित्रकलेच्या कॉलेजात घातलं. "हंय ऱ्हवान काय करतली ती," एवढंच म्हणाले. प्रभेला बापाचा राग नव्हता. उलट मनातून एक ताठा होता. आपला बाप खोटं बोलत नाही. आपल्यासाठीसुद्धा बोलला नाही. सगळा वाडा अंगावर आला तेव्हाही तिच्या पायाखाली ही एक फळी होती.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, माघात, सहल मुंबईला निघाली. सहल म्हणजे नुसतं हिंडणं नव्हे. वस्तुसंग्रहालयं बघायची, कापड छापायचे कारखाने आणि डिझाईनचे स्टुडिओ बघायचे, स्केचबुक भरून आणायचं. बरोबर कामत सर. बसमध्ये चढतानाच त्यांनी सांगितलं, "डोळे उघडे ठेवा आणि तोंडं बंद."

"तोंड बंद ठेवन खातले कशे, इचार गो तेंका," भाग्यलक्ष्मी प्रभेच्या कानात म्हणाली. भाग्यलक्ष्मी फोंड्याच्या दुकानदाराची मुलगी, वसतिगृहात प्रभेच्या खोलीतली. तिच्या पिशवीत चणे, उंडे म्हणजे गोल पाव, आणि लोणचं कायम असायचं. स्केचबुक मात्र ती दुसऱ्याचं मागायची.

प्रभेनं वर्षाच्या कामाला विषय घेतला होता शिगम्याचा घोडा. पडद्याच्या कापडावर छापायची नक्षी. सर म्हणायचे, रेषा चांगली आहे, पण घोड्याचा एक कान असा का? ती म्हणायची, तसाच होता.

मोठ्या घुमटाच्या वस्तुसंग्रहालयात पहिला दिवस गेला. आत देवळासारखा गारवा, फक्त फुलांचा वास नाही. दगडाचे देव, काशाचे देव, हस्तिदंताच्या मुठींच्या तलवारी, सगळं काचेत.

"ह्या देवांक नारळ कोण देता गो?" भाग्यानं विचारलं.

"कोण नाय."

"मगे ते कोणाचा गाऱ्हाणा आयकतले? बसलेत बिचारे पेन्शनीर."

पहारेकऱ्यानं काचेला हात लावू नका म्हणून दटावलं. प्रभा एका लाकडी मुखवट्यापुढे थांबली होती. कुठल्या मुलखातला कोण जाणे. त्याच्या कानाजवळ दोरी ओवायचं भोक होतं, आणि भोकाच्या कडा माणसांच्या घामानं काळ्या, गुळगुळीत झाल्या होत्या. तिनं तेवढंच काढलं. सरांनी वाकून बघितलं.

"एवढं मोठं संग्रहालय, आणि तू भोक काढलंस?"

"हंय माणूस होता सर," ती म्हणाली. सर पुढं गेले.

दुसऱ्या दिवशी कापडछपाईचा कारखाना. बैठ्या छपराखाली लांबच लांब मेजं, त्यांवर ताणलेलं पांढरं कापड, दोन्ही अंगांना गंजीफ्रॉक घातलेले दोघे दोघे. एकानं चौकट ठेवायची, रंग ओढायचा, उचलायची, पाऊल पुढं. रॉकेलचा आणि डिंकाचा वास. प्रभेला तिथून निघवेना. इथं कुणी तिला ओळखत नव्हतं, आणि कापडाला तर काहीच माहीत नव्हतं. हे आपल्याला जमेल असं तिला वाटलं. गावी जाऊन बाबांना सांगायचं, डिचोलीला एक मेज टाकून द्या, असंही ठरवून टाकलं.

तिसऱ्या दिवशी नलिनी कोठारे यांचा स्टुडिओ. गिरगावात एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, लाकडी जिन्यानं चढून. पडद्यांच्या आणि गाद्यांच्या कापडांवर नक्षी करण्यात बाईंचं नाव होतं. पन्नाशीच्या, केस आखूड, बोलणं मोकळं. सगळ्यांना चहा दिला. कप पुरले नाहीत तर भाग्याला त्यांनी ब्रश धुवायचा कोप, म्हणजे पेला, विसळून त्यात दिला. भाग्या म्हणाली, "पयल्यांदाच निळो चाय पितंय."

मग बाई त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेल्या. "ही माझी खरी शाळा," त्या म्हणाल्या. भिंतभर वस्तू टांगल्या होत्या. पंखे, मुखवटे, रथाचं एक चाक, कुठल्याशा देवळाच्या दाराची पट्टी. मधोमध एकटं, मागे पांढरी भिंत ठेवून, घोड्याचं तोंड.

एक कान आखूड.

प्रभेला आधी वाटलं, आपणच काढलेलं चित्र कुणीतरी इथं लावलंय. मग तिनं डोळा बघितला. डाव्या डोळ्यातून काजळाचा एक ओघळ गालापर्यंत आला होता, आणि त्याच्या शेवटाला फासल्याची खूण होती, लहान बोटाच्या रुंदीची. पाण्यात गेलेल्या लाकडावर काजळ उरत नाही. हे काजळ वाळून, धूळ धरून, जसंच्या तसं होतं.

"हा गोव्याचा," बाई सांगत होत्या. "माझ्या पहिल्या गाजलेल्या नक्षीचा बाप म्हणा याला. तेव्हा माझे मामा तिथल्या एका खाणीवर मॅनेजर होते. मी शिगम्याला त्यांच्याकडे गेले होते. याला नाचताना पाहिला आणि वेडी झाले. दुसऱ्या दिवशी कळलं, याला नदीत सोडणार. नदीत म्हणजे कुजायला. मी मामांना म्हटलं, काहीही करा. ज्याचा घोडा होता त्याला मामांनी बंगल्यावर बोलावलं. आधी तयार होईना. मग मामांनी पंपावर कायमचं लावून घ्यायचं कबूल केलं."

"आणि गाववाल्यांनी दिलो?" भाग्यानं विचारलं.

"त्यांना कुठं ठाऊक आहे. हीच तर गंमत. त्यांची रीतच अशी, की सगळे पाठ करून निघून जातात. मी पलीकडच्या वळणावर होडीत बसले होते. तो पाण्यातून चालत आला आणि घोडा माझ्या मांडीवर ठेवून गेला. एक लहान मुलगी तेवढी वळून बघत होती म्हणाला. फार घाबरला होता बिचारा. मी म्हटलं, अहो, लहान मुलीचं कोण ऐकणार."

बाईंच्या बोलण्यात कपट नव्हतं. बुडत्या मांजराला वाचवल्याची गोष्ट सांगावी तशा त्या सांगत होत्या.

"प्रभावती, बघ, तुझाच घोडा," सर म्हणाले. त्यांना म्हणायचं होतं, तुझ्या नक्षीसारखा.

"तू असे घोडे पाहिलेत?" बाईंनी विचारलं. "कुठलं गाव तुझं?"

"पेडणें," प्रभा म्हणाली.

भाग्यानं निळ्या चहाच्या कोपावरून तिच्याकडे बघितलं.

"काढ ना याचं चित्र. बस निवांत. ही खुर्ची घे."

प्रभा बसली. चित्र काढलं. आखूड कान, नाकपुड्या, मानेवर घंटा बांधायचा खिळा. डोळ्यांच्या जागा मोकळ्या ठेवल्या. हात चालत होता आणि मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा होत होती. घोडा नव्हे. घोडा दिला, दिला. गरिबानं काय काय दिलेलं असतं. पण मांडावर बाबा उठले होते. कुणी त्यांचं नाव घेतलं नव्हतं, कुणी त्यांच्याकडे बोट केलं नव्हतं. जल्म्यानं विचारलं होतं आणि सगळे गप्प होते. थोडा वेळ आणखी गप्प बसले असते तर कुणीतरी विचारलंच असतं, घोडा खरंच पाण्यात गेला ना रे? तो प्रश्न यायच्या आत बाबा उठले होते. टुवाल सारखा करून.

परतीच्या बसमध्ये सावंतवाडी मागे पडेपर्यंत भाग्या गप्प होती, म्हणजे तिला किती कळून चुकलं होतं ते बघा. मग उंडो मोडून तिनं अर्धा प्रभेच्या हातात दिला.

"तू पेडण्याची कधीपासून गो?"

"कालपासून."

"तुजो बापूय पंपार आसा ना?"

"आसा."

भाग्यानं लोणच्याची बाटली उघडली, परत लावली. "मगे आता काय करतलंस?"

"इचारतलंय."

"आनी तेणी खोटा सांगला तर?"

"तो खोटा सांगणा नाय," प्रभा म्हणाली, आणि स्वतःचं वाक्य कानावर पडल्यावर तिला हसू फुटलं. हसणं असं होतं की पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली.

घरी पोचली तेव्हा कृष्णनाथ कामावरून येऊन सोप्यावर पेज घेऊन बसला होता. तिनं पिशवी खाली ठेवली, पायसुद्धा धुतले नाहीत.

"बाबा, मी काजळो बघलंय."

त्याचा हात वाटीवर राहिला. "खंय?" त्यानं विचारलं.

तिथंच तिला सगळं मिळालं. ज्याचा घोडा नदीच्या तळाला आहे तो म्हणतो, खुळी काय तू? तो 'कुठे' विचारत नाही.

"मुंबैक. एका बायच्या भिंतीर. काजळ अजून आसा डोळ्यांत."

कृष्णनाथानं अंगणाकडे बघितलं, कुणी नाही ना म्हणून. "हळू बोल."

"इतकी वर्सां हळूच बोललंय."

"लाकूड ता," तो म्हणाला. "कुजान गेला आसता. तेच्यान घरार कवलां इली, तू शिकलंस. घोड्यान दिला म्हणतत ता काय खोटा नाय."

"घोड्याचा ऱ्हवांदी. मांडार माजा नाव कित्याक घेतलंस?"

तो पेजेत बघत राहिला. मग म्हणाला, "तू बघलेला नाय? मी खोटा खंय सांगलंय?"

आयुष्यभर जिच्यावर उभी होती ती फळी बापानं अशी सहज काढून पुढ्यात ठेवली. खरंच की. खोटं तो बोललाच नव्हता.

रुक्मिणी चुलीकडून उठून दारात आली होती. किती ऐकलं कोण जाणे. "म्हणजे नोकरी काजळ्यान दिली नाय?" तिनं विचारलं. तिनं खुंटीवरचा लामणदिवा काढला, मागे नेऊन राखेनं लखलखीत घासला आणि भांड्यांच्या फळीवर पालथा घातला. तो पुन्हा वर गेला नाही. त्या विषयावर तिचं बोलणं तेवढंच.

"मांडार सांग," प्रभा म्हणाली. "जसा माजा सांगलंस, तसा तुजा सांग."

"सगुणाक तोंड कसा दाखवू? जल्मी माका वाड्यार ऱ्हवांक दिवचो नाय."

"आनी मी कशी ऱ्हवलंय?"

कृष्णनाथानं वाटी तोंडाला लावली. पेज संपेपर्यंत त्यानं ती खाली केली नाही.

फाल्गुनात शिगमा झाला. त्या वर्षी पाखऱ्या नावाच्या घोड्याला वाळवीनं पोखरलं होतं, त्याला पाण्याला द्यायचं ठरलं. त्या घरचा माणूस आखातात कामाला. मग मान आला घोड्यात उभ्या राहिलेल्यांतल्या वडीलधाऱ्याला, म्हणजे कृष्णनाथाला. जल्म्याकडून निरोप आला, चेडवाक घराकडेन बसयात. कृष्णनाथही तिला म्हणाला, "तू येव नको."

सगळे गेल्यावर प्रभेनं मागच्या खोलीचं जनेल उघडलं, मग दार उघडलं आणि नदीवर गेली. घोळक्याच्या शेवटाला उभी राहिली. दोनचार बायांनी एकमेकींना कोपरं मारली.

विठ्ठल जल्म्यानं गाऱ्हाणं घातलं. "बा म्हापुरसा, म्हातारो झालेलो घोडो तुज्या पाण्यात येता. तेका गवत दी, सावळी दी, आनी फाटी धाडू नको." लोक म्हणाले, "व्हय म्हाराजा." आणि सगळे वळले.

प्रभा वळली नाही. माणसं तिच्या दोन्ही अंगांनी वर निघाली. जल्मी तिच्यासमोर थांबला, तिचं कोपर धरलं.

"चेडवा, फिर."

"माका आनी काय लागतला, काका? लागाचा ता लागान गेला."

म्हाताऱ्याच्या बोटांतलं बळ गेलं. तो पुढं झाला, आणि एकदा पुढं झाल्यावर त्याला काही करता येईना. तिला ओढून न्यायचं तर मागे वळायला हवं, आणि मागे वळायचं नव्हतं. सगळ्यांची तीच गत. सगळ्यांत शेवटी सगुण, आखूड पाय ओढत.

"परत काय गो?"

"परत."

"माका मोडूक दुसरो पाय नाय हां," तो म्हणाला आणि गेला.

पाण्यात कृष्णनाथ गुडघाभर उभा होता, पाखऱ्या काखेत. त्यानं तिला बघितलं. त्यानं घोडा पाण्यावर ठेवला आणि दाबला. घोडा खाली गेला आणि उसळून वर आला, तोंड आभाळाकडे. त्यानं पुन्हा दाबला. पुन्हा वर. पांगाऱ्याचं लाकूड ते, बुडायला तयारच नाही. टुवाल कमरेला खोचून त्यानं दोन्ही हातांनी रेटला, तर घोडा सरकून दुसऱ्या बाजूला निघाला आणि वाळवीनं खाल्लेल्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत डुलत राहिला.

कृष्णनाथ लहान असतानाच त्याचा बाप झाडाखाली सापडून गेला होता. घोडा पाण्याला कसा द्यायचा ते सांगायला कुणी नव्हतं, आणि पहिल्या खेपेला त्याला कळून घ्यायची गरजही पडली नव्हती. प्रभेनं ते बघितलं. छातीपर्यंत भिजलेला, लाकडाशी झोंबणारा आपला बाप तिनं नीट बघून घेतला.

मग ती खाली उतरली. काठाला बार्जीतून सांडलेलं खनिज पडलेलं असतं. त्यातला एक जड धोंडा तिनं पायानं लोटत पाण्यापर्यंत आणला.

"हो बांद."

त्यानं घोड्याच्या लगामानंच तो बांधला. पाखऱ्या गेला. वर थोडे बुडबुडे आले, मग तेही थांबले. कृष्णनाथ वर येऊन धापा टाकत उभा राहिला.

"तू सांगतलंस?" त्यानं विचारलं.

"तू सांग. झाडाकडेन पावापर्यंत येळ आसा तुका."

ती पुढं निघाली. मागून त्याची ओली पावलं वाजत होती. कुंभ्याचं झाड आलं, गेलं. चढ आला. पावलं वाजत राहिली.

सावरीखाली सगळे उभे होते. जल्म्यानं रीतीप्रमाणे विचारलं, "घोडो गेलो?"

"गेलो," कृष्णनाथ म्हणाला. काजळ्याच्या वेळी याच जागी, याच आवाजात म्हणाला होता.

जल्मी प्रभेकडे वळला. "आनी तू परत बघलंस."

"बघलंय," प्रभा म्हणाली. "ह्या खेपेक गेलो."

जल्म्यानं मान हलवली, आणि हलता हलता ती थांबली. बायांची कुजबूज बंद झाली. सगुण काठीवर भार देऊन एक पाऊल पुढं आला.

"ह्या खेपेक?" त्यानं विचारलं.

प्रभा पायवाटेच्या एका कडेला सरली. सगळ्यांनी तिच्यावरून नजर काढली आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघितलं.